नकाराची दखल

संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रामला स्वतःच्या हाताने जवळजवळ काहीच करता येत नाही. फाईल उघडायची, डिस्कवर चार अक्षरे लिहायची, नेटवर्कवरून निरोप धाडायचा, तर दर वेळी कर्नलपुढे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापुढे, अर्ज करावा लागतो. या अर्जाला सिस्टिम कॉल म्हणतात. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स आणि सी भाषा घडवली, तेव्हाच अर्जाच्या उत्तराची रीत पडून गेली. काम झाले तर शून्य किंवा धन संख्या, नाही झाले तर उणे एक, आणि न होण्याचे कारण ‘एररनो’ नावाच्या वेगळ्या जागी. ही रीत आजही लिनक्सवर जशीच्या तशी आहे. मात्र उत्तर वाचलेच पाहिजे अशी सक्ती सी भाषा करत नाही. अर्ज टाकून उत्तर न वाचताच पुढे चालू लागणारा प्रोग्राम तिला चालतो.

यातून दोन प्रश्न उभे राहतात. नकार मिळाला म्हणजे नेमके काय कळले? आणि कळल्यावर मागणाऱ्याचे कर्तव्य काय? पहिला प्रश्न प्रमाणशास्त्राचा आहे, दुसरा कर्मकांडाचा, आणि दोन्ही युनिक्सहून फार जुने आहेत.

न वाचलेले उत्तर किती सहज निसटते ते एका छोट्या प्रयोगात दिसते. लिनक्सवर ‘डेव्ह-फुल’ नावाची एक नावापुरती फाईल असते. तिच्यात काहीही लिहायला गेले की ‘जागा नाही’ एवढेच उत्तर येते. पाठ्यपुस्तकातला पहिला, ‘नमस्कार’ छापणारा प्रोग्राम घ्यावा, त्याचे आउटपुट या फाईलकडे वळवावे आणि प्रोग्राम संपल्यावर त्याचा निकाल पाहावा. निकाल शून्य येतो, म्हणजे सारे सुरळीत. प्रत्यक्षात एक अक्षरही कुठे उमटलेले नसते. छापण्याचे काम करणाऱ्या प्रिंटएफ फंक्शनला विचारावे तर तेही अक्षरे लिहिल्याचेच सांगते, कारण त्याने ती आपल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवलेली असतात. खरा राइट कॉल प्रोग्राम आवरताआवरता होतो, नकार तेव्हा येतो, आणि तो ऐकायला तोवर कोणी उरलेले नसते. प्रोग्रामने शेवटी बफर स्वतः रिकामा करून त्याचे उत्तर तपासले, तरच हा नकार त्याच्या पदरात पडतो.

नकारातून काय कळते, हा प्रश्न मीमांसकांनी आणि नैयायिकांनी शतकानुशतके लढवला. जमिनीवर घडा नाही, हे कशाने कळते? डोळ्यांना जमीन दिसते. ‘घड्याचे नसणे’ हे काही डोळ्यांपुढे येऊन उभे राहत नाही. कुमारिल भट्टांच्या परंपरेने यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले आणि पुढे अद्वैत वेदान्त्यांनी ते उचलले. नैयायिक म्हणाले, वेगळे प्रमाण कशाला, अभावही प्रत्यक्षानेच कळतो. मीमांसकांतल्याच प्राभाकरांनी तर अभाव नावाचा वेगळा पदार्थच नाकारला. वाद मिटला नाही, पण वादाच्या ओघात एक अट पुढे आली आणि ती सगळ्यांत मोलाची आहे. न दिसणे हे नसण्याचे ज्ञान तेव्हाच होते, जेव्हा ‘असता तर दिसला असता’ एवढी परिस्थिती अनुकूल असते. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून तो नाही असे म्हणता येत नाही.

सी प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या चुकांपैकी मोठा वाटा या एका अटीच्या विस्मरणाचा आहे. फाईल उघडण्याचा कॉल उणे एक घेऊन परतला, म्हणजे फाईल नाही असे नव्हे. एररनोमध्ये ‘ई-नो-एंट’ असेल तर फाईल खरोखर नाही. घडा शोधला, उजेड होता, घडा नव्हता. ‘ई-अ‍ॅक्सेस’ असेल तर वाटेतल्या एखाद्या डिरेक्टरीत शिरण्याची मुभा नसू शकते, म्हणजे खोलीत अंधार आहे आणि घड्याबद्दल काहीच कळलेले नाही. ‘ई-आय-ओ’ आले तर डिस्कच नीट वाचता येत नाही. ‘ई-एम-फाईल’ आले तर या प्रोग्रामने आधीच इतक्या फाईली उघडून ठेवल्या आहेत की आणखी एक उघडण्याची मुभा उरलेली नाही. फाईल जागच्या जागी शाबूत आहे.

हा भेद नुसत्या पांडित्याचा नाही. सेटिंग्जची फाईल उघडली नाही की नवी कोरी फाईल तयार करून पुढे जायचे, अशी सोय पुष्कळ प्रोग्राममध्ये असते. कारण ‘ई-नो-एंट’ असताना ती योग्यच आहे. पण कारण ‘ई-एम-फाईल’ असेल, दरम्यान कुठलीशी फाईल बंद होऊन एक जागा मोकळी होईल, आणि कोरी फाईल लिहिण्याचा दुसरा कॉल यशस्वी होईल. वापरणाऱ्याने वर्षभर जमवलेल्या सेटिंग्ज त्या क्षणी पुसल्या जातील. चूक कर्नलची नसते. त्याने कारण सांगितलेले असते; प्रोग्रामने फक्त ‘उणे एक’ ऐकलेले असते.

अभावाचे न्यायशास्त्रात चार प्रकार सांगितले आहेत आणि अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहापासून ते प्रत्येक विद्यार्थ्याला घोकावे लागतात. वस्तू अजून उत्पन्न व्हायची आहे तो प्रागभाव. याला आरंभ नाही, पण शेवट आहे. वस्तू होती आणि नष्ट झाली तो प्रध्वंसाभाव. याला आरंभ आहे, शेवट नाही. तिन्ही काळी नसणे तो अत्यंताभाव. आणि ‘हे ते नव्हे’ असा अन्योन्याभाव. एरर कोडची यादी या डोळ्याने चाळली तर ती बरीच उमगते. ‘ई-अगेन’ म्हणजे माहिती अजून आलेली नाही, येईल. ‘ई-पाइप’ म्हणजे पलीकडचा ऐकणारा होता, तो गेला. ‘ई-नो-सिस’ म्हणजे असा सिस्टिम कॉल या कर्नलमध्ये नाहीच. ‘ई-नॉट-डिर’ म्हणजे जिला डिरेक्टरी समजलात ती डिरेक्टरी नव्हे. प्रागभावात थांबून पुन्हा विचारणे शहाणपणाचे, प्रध्वंसात पुन्हा विचारणे व्यर्थ. जुळणी इथपर्यंतच ताणावी. लिनक्सचे शंभरावर कोड चार खणांत कोंबण्याचा हट्ट धरला तर न्यायशास्त्रही बिघडेल आणि प्रोग्रामही.

होकारही वाटतो तितका सरळ नसतो. हजार बाइट लिहायला दिले आणि राइट कॉल सहाशे असे उत्तर घेऊन आला, तर ती चूक नाही. कर्नलने सहाशे स्वीकारले, उरलेल्या चारशेंसाठी पुन्हा अर्ज करणे मागणाऱ्याकडे. रीड कॉलने शून्य दिले तर फाईल संपली, एवढेच.

कारण सांगितले जाते, पण ते टिकत नाही. एररनो ही एकच जागा आहे, प्रत्येक थ्रेडला आपली एक. पुढचा कोणताही कॉल तिथले कारण पुसून आपले लिहू शकतो. चूक झाल्याची नोंद करायला म्हणून केलेला प्रिंटएफदेखील. यशस्वी कॉल ती जागा शून्यावर आणून ठेवत नाही, म्हणून एररनो पाहून कॉल फसला की नाही हे ठरवताही येत नाही. आधी उणे एक, मग कारण, हाच क्रम. गेटप्रायॉरिटीसारख्या कॉलमध्ये उणे एक हेच वैध उत्तरही असू शकते, तिथे कॉलच्या आधी एररनो स्वतः शून्य करावा लागतो. एरवी नियम सोपा आहे: नकार दिसताच कारणाची प्रत काढून ठेवायची, बाकीचे नंतर.

कारण हाती असणे किती निर्णायक असते, हे सत्यनारायणाच्या पोथीत मराठी आणि तेलुगू दोन्ही घरांनी ऐकलेले आहे. कलावती प्रसाद तसाच टाकून नवऱ्याला भेटायला धावते आणि नवऱ्यासह नौका दिसेनाशी होते. तिचा बाप साधुवाणी रडतो, पूजेचा संकल्प करतो. पण गाडे पुढे सरकते ते आकाशवाणी नेमके कारण सांगते तेव्हा. मुलीने प्रसाद टाकला, तिने घरी जाऊन तो घ्यावा. ती जाते, प्रसाद घेते, नौका परत दिसू लागते. उपाय क्षुल्लक आहे आणि तंतोतंत आहे. कारण कळले नसते तर शोक कितीही केला तरी उपाय नेम धरून करता आला नसता.

श्रौत कर्मकांडाने ही तंतोतंतता फार पुढे नेली होती. यज्ञात होता, अध्वर्यू आणि उद्गाता आपापली कामे करत असतात. चौथा ऋत्विज, ब्रह्मा, काही करताना दिसत नाही. तो दक्षिणेला मौन धरून बसतो आणि बाकीच्या तिघांच्या चुकांवर लक्ष ठेवतो. छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात त्याचे काम सांगितले आहे. दोष ऋचेकडून झाला असेल तर गार्हपत्य अग्नीत एक आहुती, यजूकडून झाला असेल तर दक्षिणाग्नीत दुसरी, सामाकडून झाला असेल तर आहवनीयात तिसरी. दोष कुठून आला यावर उपाय ठरतो. आपस्तंब श्रौतसूत्राचा नववा प्रश्न तर सबंध अशा प्रायश्चित्तांना दिलेला आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या 1953च्या चौथ्या खंडातही प्रायश्चित्तांचा मोठा विचार आहे, पण तिथला रोख मुख्यतः माणसाच्या पापाकडे आहे.

हा फरक मीमांसेने नेमका पकडला. जैमिनीच्या चौथ्या अध्यायात क्रत्वर्थ आणि पुरुषार्थ असे दोन वर्ग येतात: जे यज्ञ पुरा होण्यासाठी ते क्रत्वर्थ, जे करणाऱ्या माणसासाठी ते पुरुषार्थ. यज्ञातला दोष निस्तरणारे प्रायश्चित्त क्रत्वर्थ आहे. त्यात कोणाच्या नीतिमत्तेचा पंचनामा नसतो. फाटलेले कर्म शिवायचे असते. प्रोग्राममधली चूक हाताळणे हे शुद्ध क्रत्वर्थ काम आहे. तरी ते कमीपणाचे मानून टाळले जाते, मूळ काम झाल्यावर वेळ उरला तर करण्याचे म्हणून बाजूला ठेवले जाते. यज्ञसंस्थेने या कामाला एक अख्खा ऋत्विज दिला होता, हे प्रोग्रामच्या अंदाजपत्रकात कुणी मांडलेले दिसत नाही.

घरगुती पूजेच्या शेवटी मंत्र, क्रिया आणि भक्ती यांत काही उणे राहिले असेल तर सारे गोड मानून घे, अशी क्षमाप्रार्थना म्हणण्याची चाल आहे. देवापुढे ती रास्त आहे, कारण पलीकडे उदार ऐकणारा गृहीत आहे. कर्नलपुढे हीच वृत्ती घातक ठरते. सगळ्या चुकांना मिळून एकच ‘काहीतरी बिघडले’ अशी ओळ छापणारा प्रोग्राम क्षमाप्रार्थनाच म्हणत असतो, आणि ऐकायला कोणी नसते.

मागणे, परवानगी आणि नकार यांची माणसांच्या जगातली बाजू पाहायची तर आदिलाबाद जिल्ह्यातले केसलापूर हे ठिकाण विचारात घेण्याजोगे आहे. इंद्रवेल्ली मंडलातल्या या गावी पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. पूजेचा मान गोंडांच्या मेसराम कुळाचा. जन्नारमजवळच्या हस्तिनमडुगू येथून गोदावरीचे पाणी पायी आणल्याशिवाय महापूजा होत नाही. कुळात नव्याने आलेल्या सुनांचे नागोबापुढे ‘भेटिंग’ होते आणि मग त्या कुळाच्या पूजेत सहभागी होतात. तोवर त्या बाहेर असतात, पण त्यांच्याकडून काही प्रमाद घडलेला असतो असे नाही. आधीची एक पायरी बाकी असते. जोडणी होण्याआधी सॉकेटवर निरोप पाठवू पाहणाऱ्या प्रोग्रामला ‘ई-नॉट-कॉन’ मिळते ते याच जातीचे. असा नकार क्रम शिकवतो, आणि तो वाचणाऱ्याला पुढचे पाऊल आपोआप कळते.

जत्रेतच नागोबाचा दरबार भरतो, जिथे सरकारी अधिकारी आदिवासींची गाऱ्हाणी ऐकून घेतात. याची सुरुवात 1940च्या दशकात मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने झाली. त्यामागची पार्श्वभूमी गोंड पुढारी कोमरम भीमाच्या लढ्याची आहे. जंगले राखीव झाली, पोडू म्हणजे फिरत्या शेतीवर निर्बंध आले, जमिनीवरचा हक्क मान्य होईना, आणि 1940 मध्ये जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांनी भीमाला व त्याच्या साथीदारांना मारले. त्यानंतर निजाम सरकारला या भागातल्या असंतोषाची कारणे जाणून घ्यावीशी वाटली आणि हायमेनडॉर्फ कामाला लागले. दरबार म्हणजे तक्रार ऐकून उत्तर देण्याची नेमलेली जागा. ती रक्त सांडल्यानंतर तयार झाली.

जागा असूनही उत्तर पोहोचेलच असे नसते. 20 एप्रिल 1981 रोजी, आठवडी बाजाराच्या सोमवारी, इंद्रवेल्लीत गिरिजन रयतु कुली संघमची सभा ठरली होती. सभेची परवानगी रद्द झाली. लांबच्या पाड्यांवरून चालत निघालेल्या अनेकांना ते कळलेच नव्हते. पोलिसांच्या गोळीबारात सरकारी आकड्याप्रमाणे 13 जण मेले. इतरांचे अंदाज याहून कितीतरी मोठे आहेत. इथे नकार दिला गेला होता, पण मागणाऱ्यापर्यंत गेला नव्हता, आणि तो पोहोचवण्याचे ओझे नकार देणाऱ्यावरच होते. प्रोग्राम आणि कर्नल यांच्या नात्याशी माणसांच्या नात्याची तुलना याच ठिकाणी संपते. कर्नलचा नकार अंतिम असतो आणि त्यात अन्याय हा शब्द लागू पडत नाही. राज्याचा नकार तपासता येतो, त्याला आव्हान देता येते. नकार निमूट स्वीकारणे हा प्रोग्रामचा धर्म आहे; नागरिकाचा तो असलाच पाहिजे असे नाही.

ओझे कोणी वाहायचे, हा वाद युनिक्सच्या जगातही झाला. एखादा कॉल चालू असताना मध्येच सिग्नल आला तर काय करायचे? रिचर्ड गॅब्रिएल यांनी 1990च्या सुमारास लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात हा प्रसंग दोन पंथांचा संवाद म्हणून मांडला. एमआयटीच्या पंथाचे म्हणणे, कर्नलने आतल्या आत सगळे सावरून कॉल पुरा करावा, मागणाऱ्याला त्रास नको. न्यू जर्सीच्या, म्हणजे बेल लॅब्सच्या पंथाचे म्हणणे, कर्नल साधा राहू द्या. तो ‘ई-इंटर’ एवढेच सांगेल, मागणाऱ्याने पुन्हा विचारावे. दुसरा पंथ जिंकला, आणि प्रत्येक सी प्रोग्रामच्या माथी पुन्हा विचारण्याचा फेरा आला. 1983च्या 4.2 बीएसडीने काही कॉल आपोआप पुन्हा सुरू करण्याची सोय केली, पण सगळ्या कॉलना ती लागू नाही, म्हणून फेरा लिहावाच लागतो.

पुन्हा विचारणे हा मात्र सरसकट उपाय नव्हे. क्लोज कॉल ‘ई-इंटर’ घेऊन परतला तर लिनक्सवर तो पुन्हा करू नये. फाईलचा क्रमांक तोवर मोकळा झालेला असतो, दुसऱ्या थ्रेडने उघडलेल्या भलत्याच फाईलला तो मिळालेला असू शकतो, आणि दुसरा क्लोज तिला बंद करील. याहून गंभीर प्रकरण 2018 मध्ये पोस्टग्रेस डेटाबेस बनवणाऱ्यांपुढे आले. लिहिलेले डिस्कवर पक्के करण्यासाठी एफसिंक हा कॉल आहे. तो फसला तर पोस्टग्रेस काही वेळाने पुन्हा करत असे, आणि दुसऱ्यांदा तो यशस्वी होई. लिनक्स मात्र पहिल्या अपयशानंतर त्या पानांवरची ‘लिहायचे बाकी’ ही खूण काढून टाकी. दुसऱ्या खेपेला लिहायचे काही उरलेलेच नसे, म्हणून होकार येई. माहिती गेलेली, उत्तर मात्र यशाचे. फेब्रुवारी 2019च्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेसने धोरण बदलले: एफसिंक फसला की डेटाबेस ताबडतोब बंद पाडायचा आणि आधी लिहून ठेवलेल्या लॉगवरून सगळे पुन्हा उभे करायचे. कर्म शिवता येत नसेल तर ते मोडून पहिल्यापासून करावे, हा निर्णय धीराचा आहे, आणि बहुतेक प्रोग्राममध्ये तो घेतलेला नसतो.

2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या पाच प्रणालींतले 198 बिघाड तपासले गेले. त्यातल्या सर्वनाशी बिघाडांपैकी 92 टक्के, आधीच स्पष्टपणे कळवलेल्या आणि स्वतः प्राणघातक नसलेल्या चुका नीट न हाताळल्यामुळे झालेले निघाले. आकाशवाणी झाली होती, असा त्याचा अर्थ.

एक शंका उरते. चूक हाताळणाऱ्या ओळींतही सिस्टिम कॉल असतात. अर्धवट फाईल पुसायला केलेला कॉलही फसू शकतो, मग त्याची चूक कोणी हाताळायची? ब्रह्म्यावर लक्ष ठेवायला आणखी एक ब्रह्मा लागेल, त्याच्यावर आणखी एक. नैयायिक याला अनवस्था म्हणतात आणि ती जिथे दिसेल तिथे सिद्धान्त सदोष मानतात. युनिक्सने ती मोडली ती सिद्धान्ताने नव्हे, व्यवस्थेने. जे सावरता येत नाही ते प्रोग्रामने सावरू नये. मूळ कारण, सावरतानाचे कारण नव्हे, एका ओळीत लिहून शून्येतर निकाल देऊन संपावे. तो निकाल त्याला सुरू करणाऱ्या प्रक्रियेकडे जातो, वेट कॉलच्या रूपाने तिने तो मागून घ्यायचा असतो. ती न घेताच मेली तर पहिल्या क्रमांकाची इनिट प्रक्रिया अनाथ प्रक्रियांचे निकाल गोळा करते. इनिटच मेली तर लिनक्सचा कर्नल पुढे काही करायचे नाकारतो, पॅनिकचा संदेश पडद्यावर छापतो आणि थांबतो. तिथून पुढचे वाचणे यंत्र चालवणाऱ्या माणसाकडे येते.